तो चिरकलेला सूर राहू दे

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. तिसऱ्या गाण्यात वरच्या सुरांवर तुझा आवाज चिरकला, म्हणून तेवढी ओळ स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवायची म्हणतेस. अगं, थोडी थांब. आधी डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम ऐक. चांगल्या हेडफोनवर, सातही गाणी सलग.

ऑगस्ट १९७२ मधले हे कार्यक्रम. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान सभागृह. लाइव्ह अल्बम हवा होता जपानी रेकॉर्ड कंपनीला, बँडला फारशी हौस नव्हती. ध्वनिमुद्रणाला मार्टिन बर्च आणि आठ ट्रॅकचं मशीन. गायक इयन गिलन नुकताच ब्राँकायटिसमधून उठला होता आणि आपल्या गाण्यावर तो खूश नव्हता. तरी नंतर स्टुडिओत कुणी वरून काही भरलं नाही. त्याच अवस्थेतलं त्याचं ‘चाइल्ड इन टाइम’ ऐक. ऑर्गनच्या सुरांवर तो हळूहळू चढत जातो आणि शेवटी त्याची ती किंकाळी! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पण तुला खरं ऐकायचंय ते ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’. मध्यावर बँडचा गिटारवादक ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो, गिलन ती गळ्यातून तशीच परत देतो. मग पुढची, आणखी अवघड. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखंच. इथे दोघांचेही कान समोरच्याकडे लागलेले आहेत. वर्षानुवर्षं एकत्र वाजवल्याशिवाय हे येत नाही, आणि एकट्यानं काचेआड उभं राहून तर नाहीच नाही.

आता तुझं रेकॉर्डिंग पुन्हा लाव. आवाज चिरकला त्याच क्षणी तुमच्या ड्रमरनं झांजेवरचा हात हलका केलाय. बेसवाला एका सुरावर थांबलाय. दोघांनी तुला सांभाळून घेतलं, आणि पुढच्या ओळीला तू दुप्पट जोरानं उठलीस. ती ओळ बदललीस तर त्या दोघांनी हात का आवरला, हे ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

एक गोष्ट मात्र डीप पर्पलकडून जरूर घे. त्यांनी तिन्ही रात्री मुद्रित केल्या होत्या. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं, ‘लेझी’ टोकियोचं, बरंचसं बाकीचं दुसऱ्या रात्रीचं. म्हणजे निवडायला हाताशी माल होता. तुम्हीही यापुढचा प्रत्येक कार्यक्रम मुद्रित करा. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा घ्या, आणि दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. टाळ्या नसल्या की लाइव्ह रेकॉर्डिंग कोरडं वाटतं. तुमचं थोडं तसं झालंय.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळव. माइकचे स्टँड माझ्याकडे आहेत, येताना घेऊन येतो.

तुझा,
काका