चाळीस गोधड्या टांगण्याआधी

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला इन्स्टॉलेशन आर्टिस्ट व्हायचंय. युद्ध, निर्वासित, विस्थापन हे तिचे विषय. आमचं मूळ गाव धरणात गेलं. तिथल्या लोकांकडून ४० गोधड्या गोळा करून त्या हॉलच्या छताला टांगायच्या म्हणते. यात पोट भरतं का?
— एक वडील, नाशिकरोड

उत्तर : नमस्कार. आधी पोटाचं. निव्वळ इन्स्टॉलेशनवर, म्हणजे जागेत वस्तू मांडून उभ्या केलेल्या कलाकृतींवर, घर चालवणारे कलाकार फार थोडे. अशी कामं बहुधा अनुदानावर किंवा रेसिडेन्सीत (संस्थेत काही काळ राहून काम करण्याची सोय) उभी राहतात. दिल्लीचं खोज, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अशा कलासंस्थांकडे अर्ज करावे लागतात, त्यामुळे अंदाजपत्रक मांडता आलंच पाहिजे. सुरुवातीची कमाई प्रदर्शनांची उभारणी, संग्रहालयांची दालनं, नाटक-सिनेमाचे सेट यांतून होते. म्हणून बी.एफ.ए.ला (कलेच्या पदवीला) तिने शिल्पकला घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वेल्डिंग, साचेकाम, लाकूडकाम तिथे हातात बसतं. राज्याच्या सीईटीत मात्र वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन आणि सामान्य ज्ञान विचारतात. त्यासाठी रोज दोन तास सराव हवा. बडोदा, शांतिनिकेतनचे अर्ज वेगळे भरावे लागतात.

आता गोधड्या. विषय तिने अचूक पकडलाय. चिनी कलाकार आय वेवेई यांनी २०१६ मध्ये बर्लिनच्या कॉन्झर्टहाउस या संगीतगृहाच्या खांबांवर सुमारे १४,००० लाइफ जॅकेट बांधली. ती ग्रीसच्या लेस्बोस बेटावर पोहोचलेल्या निर्वासितांनी अंगात घातलेली होती. त्या कामाचा सगळा जोर त्यात आहे. तेव्हा आकडा भरायला जुन्या बाजारातून एकही गोधडी आणू नका. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो हिंसेत माणसं गमावलेल्यांशी दीर्घकाळ बोलून मगच काम उभं करतात. मुलीनेही आधी प्रत्येक घरी बसावं : गोधडी कोणाच्या लुगड्यांची, नोटीस आली तेव्हा घरात काय चाललं होतं, गाडीत काय घातलं, काय मागे राहिलं. गोधडी परत कधी देणार ते लिहून द्यावं आणि नाव लावायचं की नाही हेही विचारावं. हे काम टांगण्यापेक्षा जास्त वेळ खाईल, आणि खाऊ द्या.

टांगण्याचा हिशेब असा. एक गोधडी अडीच किलो धरली तरी ४० चे १०० किलो होतात. पावसाळ्यात कापूस दमट होऊन वजन आणखी वाढतं. पीओपीच्या छताला हे पेलणार नाही. सहाच गोधड्या घ्या, म्हणजे १५ किलो. सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपची ६ बाय ४ फुटांची चौकट वेल्डमेश (तारेची जाळी) लावून करून घ्या. ती साधारण १२ किलो भरेल. चौकट आरसीसी स्लॅबला चार अँकर फास्टनरवर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) टांगा आणि प्रत्येक कोपऱ्याला वेगळी सुरक्षा-वायर द्या. फास्टनर प्लास्टरमध्येच अडकला तर निसटतो, म्हणून भोक काँक्रीटमध्ये शिरल्याची खात्री करून घ्या. गोधडीला दोरी थेट बांधली की जुनं कापड शिवणीवर फाटतं. वरच्या काठाला मागून कापडी नळी हाताने शिवा आणि तिच्यात बांबूची काठी घाला, म्हणजे भार सगळ्या काठावर पसरतो.

दिवसा चारही बाजूंनी फोटो काढा, एकात शेजारी माणूस उभा असू द्या. त्यासोबत मापांचं रेखाटन, साहित्य आणि खर्चाचा तक्ता जोडला की पोर्टफोलिओची, म्हणजे तिच्या कामाच्या संग्रहाची, चार पानं तयार होतील. बारावीची परीक्षा झाल्यावर, पाऊस लागण्याआधी हे उरकून घ्या.