सोलापुरात राहून पहिली गिटार घ्यायची आहे : पुण्याच्या दुकानातून घ्यावी की ऑनलाइन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरात राहता, पहिली अकॉस्टिक गिटार घ्यायची आहे, बजेट 10 हजार. मोठ्या शहरांतली गिटारची दुकानं बंद पडत चालली आहेत असं ऐकलंय, मग तिथवर जाण्यात अर्थ आहे का?

माझं मत : ज्या दुकानात गिटारवर हात चालवणारा कारागीर बसतो, तिथे जाण्यात नक्की अर्थ आहे. कारागीर नसेल तर पुण्याचं दुकान आणि ऑनलाइन सारखंच, कारण दोन्हीकडे कारखान्यातून आलेलं खोकंच तुमच्या हातात पडणार.

दुकानं अडचणीत आहेत हे खरं. अमेरिकेत 1924 पासून चालत आलेल्या सॅम ॲश या वाद्यदुकानांच्या साखळीची सगळी दुकानं 2024 मध्ये बंद झाली, गिटार सेंटर या तिथल्याच दुसऱ्या साखळीने 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आपल्याकडे मुंबईचं 1865 सालचं फुर्ताडोज टिकून आहे, पण ते वाद्यांसोबत संगीताची पुस्तकं आणि शिकवण्याही चालवतं. नुसत्या स्वस्त गिटार विकून भाडं निघत नाही. गिऱ्हाईक भिंतीवरची गिटार तासभर वाजवून बघतं, लेबलचा फोटो काढतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं. ऑनलाइन मिळत नाही ते एकच : सेटअप, म्हणजे गिटार बोटांना सोपी जाईल अशी जुळवून देणं. दुकानाला त्याचेच पैसे द्यायचे असतात आणि ते द्यावेत.

नवी गिटार अशी जुळवलेली नसते. कारखाना तारा मुद्दाम उंच ठेवतो, म्हणजे कुठल्याही हवेत बझ (तार फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, लागून होणारी झणझण) होणार नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली बऱ्याचदा 3.5 ते 4 मिमी अंतर निघतं. शिकणाऱ्याची बोटं तिथेच सोलवटतात, एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबायची स्वरजोडी) लागत नाही आणि दोन महिन्यांत गिटार माळ्यावर जाते. आपल्याला जमत नाही असं त्या मुलाला वाटतं. दोष असतो ॲक्शनचा, म्हणजे तारांच्या या उंचीचा.

दुकानात जाताना 15 सेंमीची स्टीलची पट्टी आणि झेरॉक्सचा एक कागद खिशात ठेवा. आधी ॲक्शन मोजा : बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड तारेखाली 2.5 आणि बारीक तारेखाली 2 मिमीच्या आसपास हवं. मग नेकचा (गिटारच्या गळ्याचा) बाक बघा. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट किती ते पाहा. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिमीचा असतो. त्याचे दोन-तीन पदर जेमतेम जावेत. फट त्याहून मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवणारी सळई) थोडा आवळावा लागतो, अजिबात नसेल तर सैल करावा लागतो. एका वेळी पाव फेरा, मग परत सुरात लावून पुन्हा मोजायचं. जोर करून फिरवला तर रॉडच तुटतो आणि मग नेक गेली. फार स्वस्त गिटारमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉडच नसतो. ती कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, कारण सोलापूरच्या हवेत नेक हलणार आणि ती परत आणायला काहीच साधन नसणार.

पुढे कागदाचा कोपरा ब्रिजच्या (खाली तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज उचलतोय. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. एकाच जागी झणझणली तर बहुधा त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा फ्रेट वर आलाय. तंबोऱ्यात जी झणझण जवारी काढून मुद्दाम आणतात, ती गिटारमध्ये दोष ठरते. म्हणून मिरजेचे कारागीर तंतुवाद्यात कितीही मुरलेले असले (तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं), तरी फ्रेटचं काम गिटारवाल्याकडेच द्या.

दुकानदाराला विचारा : ॲक्शन किती मिमीवर लावून देता? सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासून देता का, त्याचे किती? ट्रस रॉडची चावी सोबत मिळेल का? उत्तर मिलिमीटरमध्ये आलं तर तिथे थांबा. "वाजवत राहा, बोटांना सवय होईल" असं आलं तर पुढचं दुकान.

सॅडलचा हिशोब लक्षात ठेवा : बाराव्या फ्रेटवर तार 0.5 मिमी खाली हवी असेल तर सॅडल 1 मिमी घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. घासायचा तो खालून. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, पेन्सिलने रेघ मारून घ्यायची आणि रेघेच्या जरा अलीकडेच थांबायचं. बूड तिरकं झालं की आवाज दबतो, आणि सॅडलखाली पिकअप (आवाज ॲम्पकडे, म्हणजे ध्वनिवर्धकाकडे, पाठवणारी पट्टी) असेल तर एखादी तार ॲम्पवर ऐकूच येत नाही. जास्त घासला गेलाच तर नवा सॅडल घ्यायचा, एवढंच.

10 हजारांतले साडेसात-आठ हजारच गिटारवर घाला. बाकीच्यात सेटअप, जाड अस्तराची बॅग, क्लिपचा ट्यूनर आणि तारांचा एक जादा संच बसवा. सुरुवातीला 10 किंवा 11 गेजच्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारा पुरेत. 12च्या तारा बोटांवर आणि स्वस्त ब्रिजवर दोन्हीकडे जड जातात.

सोलापुरातली वाद्यांची दुकानं तबला, ढोलकी, पेटीवर चालतात. तारा तिथून जरूर घ्या. गिटारसाठी मात्र हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. आधी फोन करून कारागीर त्या दिवशी आहे का ते विचारून घ्या, नाहीतर फेरी वाया जाते.

ऑनलाइनच घ्यायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ पडतो आणि ब्रिज सुटायला तेवढं पुरतं. खोकं आलं की काही तास तसंच खोलीत राहू द्या, उघडताना व्हिडिओ काढा आणि वरच्या सगळ्या तपासण्या परतीची मुदत संपायच्या आत करा.

आपल्याकडचा खरा त्रास उन्हाळ्याचा आहे. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते आकसतं. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागतात, वरची फळी खाली बसते, तारा खाली येऊन बझ करतात आणि फारच झालं तर फळीला चीर जाते. पावसाळ्यात उलट : फळी फुगते, ॲक्शन वाढते. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी बॅगेत नेकच्या टोकापाशी सरकवा. थेंब गळता कामा नये. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर बुरशी धरते. कूलरच्या खोलीत गिटार बरी राहते, फक्त थेट झोतासमोर नको. एसी मात्र हवा आणखी कोरडी करतो. भिंतीला खिळा मारून टांगायची असेल तर पश्चिमेची भिंत टाळा, दुपारनंतर ती तापते.

येताना रेल्वेत बॅगेभोवती एक सोलापुरी चादर गुंडाळा आणि तारा सुरापासून दोन-तीन स्वर खाली उतरवून ठेवा. पूर्ण सैल सोडू नका. घरी आल्यावर सुरात लावा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी ॲक्शन पुन्हा मोजा. आकडा दुकानातल्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने हलला असेल तर लगेच चावी हातात घेऊ नका. आठवडाभर थांबून परत मोजा, तोवर लाकूड इथल्या हवेला बसतं.