३ रुपये ४० पैशांचा शेअर स्वस्त आहे का?

बार्शीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आरोग्यसेविका आहेत, यजमानांचं छोटं गॅरेज आहे. २ लाख ४० हजारांच्या मुदत ठेवीची मुदत या महिन्यात संपते आहे. मुलगी अकरावीत आहे, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाला पैसे लागणारच. धाकट्या दिरांनी १ रुपया ९० पैशांना घेतलेला एक शेअर अडीच आठवड्यांत ३ रुपये ४० पैशांवर गेला आहे आणि टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये दहा रुपयांचं टार्गेट फिरतं आहे. ताई विचारतात, "पेनी स्टॉक म्हणजे नेमकं काय? इतका स्वस्त शेअर पडून पडून किती पडणार? ठेव यात घालू का? दोन दिवस थोड्या शेअरची ऑर्डर टाकून पाहिली, पण मिळालेच नाहीत."

ताई, उत्तर आधी देते. मुलीच्या प्रवेशाच्या पैशातला एक रुपयाही यात घालू नका. आता कारणं सांगते, कारण घरात दिरांशी बोलायचं तुम्हालाच आहे.

पेनी म्हणजे परदेशातलं चिल्लर नाणं. अमेरिकेत साधारणपणे ५ डॉलरच्या खालच्या शेअरला पेनी स्टॉक म्हणतात. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, अशी व्याख्या केलेली नाही, पण बाजारात बोलताना दहा रुपयांच्या आतला, छोट्या कंपनीचा आणि रोज फारसा न विकला जाणारा शेअर असा अर्थ धरतात. यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

आधी स्वस्ताईचं बघू. जून २०२३ मध्ये टायर बनवणाऱ्या एमआरएफचा एक शेअर १ लाख रुपयांवर गेला. त्याच दिवसांत व्होडाफोन आयडियाचा शेअर सात-आठ रुपयांना मिळत होता. पण एमआरएफचे एकूण शेअर ४२ लाखांच्या आसपास, आणि व्होडाफोन आयडियाचे ४,८०० कोटींहून जास्त. गुणाकार करून पाहा: पहिल्या कंपनीची बाजारातली किंमत ४२ हजार कोटींच्या घरात, दुसरीची ३५ ते ३९ हजार कोटी. लाखाचा शेअर आणि आठ रुपयांचा शेअर, पण दोन्ही कंपन्यांचं मोल जवळपास सारखं. भाकरीचे चार तुकडे करा नाहीतर चाळीस, भाकरी तेवढीच. २ लाख ४० हजारांत तुम्हाला ७० हजारांवर शेअर मिळतील, तो आकडा मोठा वाटतो, पण तुकडे किती मिळाले यावरून काहीच कळत नाही. आणि ३ रुपये ४० पैशांचे ३४ पैसे झाले तर ९० टक्के रक्कम गेली. ३,४०० रुपयांच्या शेअरचे ३४० झाले असते तरी तितकीच गेली असती.

आता तुमची ऑर्डर का भरली नाही ते. या शेअरला रोजची ५ टक्क्यांची मर्यादा दिसते, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त चढू किंवा पडू शकत नाही. वरची मर्यादा गाठली की अप्पर सर्किट, खालची गाठली की लोअर सर्किट. ३ रुपये ४० पैशांपर्यंतची चढण रोज ५ टक्क्यांनी केली तर बारा-तेरा दिवस लागतात, तुमच्या पत्रातल्या अडीच आठवड्यांशी ते जुळतं. रोज सकाळी अप्पर सर्किट लागतं, घेणाऱ्यांची रांग लागते आणि विकायला कोणी येत नाही. ज्या दिवशी तुम्हाला मागाल तितके शेअर सहज मिळतील, त्या दिवशी सावध व्हा. स्वस्तात गोळा करून बसलेला माणूस त्या दिवशी विकायला आलेला असेल.

त्यानंतर लोअर सर्किट सुरू होतं. तेव्हा विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा नसतो. रोज फक्त ५ टक्केच पडणार, हा दिलासा वाटतो खरा, पण त्या ५ टक्क्यांनाही तुमचे शेअर विकले जात नाहीत. दहा दिवसांत २ लाख ४० हजारांचे १ लाख ४४ हजारांच्या आत येतात, वीस दिवसांत ८६ हजार. रोज संध्याकाळी मोबाइलवर बघत राहायचं, एवढंच हातात उरतं. एक्स्चेंजने अशा शेअरवर जीएसएम ही देखरेख लावली, तर तिच्या पुढच्या टप्प्यात व्यवहार आठवड्यातून एकदाच होतो.

हे ग्रुप कसे चालतात याचं एक उदाहरण नोंदीवर आहे. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोटी माहिती देणारे व्हिडिओ टाकले गेले, एक बडा उद्योगसमूह ती विकत घेणार असं त्यात होतं. लोक धावले, आणि आधीच शेअर बाळगून असलेल्यांनी ते चढ्या भावात विकले, असा ठपका ठेवून सेबीने मार्च २०२३ मध्ये अनेकांना बाजारातून बंदी घातली.

दीर सुझलॉनचं नाव काढतील. काढू द्या, ते खरं आहे. पुण्याची ही कंपनी २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास होती आणि २०२४ मध्ये ऐंशीच्या वर गेली. पण तिच्याकडे उभ्या पवनचक्क्या होत्या, कारखाने होते, बँकांनी कर्जाची फेररचना केली होती. शिवाय जानेवारी २००८ मध्ये ज्यांनी तोच शेअर चारशेच्या वर घेतला, त्यांची मुद्दल त्या ऐंशीतही परत आली नाही. दिरांना डीएचएफएल या दिवाळखोरीत गेलेल्या गृहकर्ज कंपनीचीही आठवण करून द्या. २०२१ मध्ये पिरामल समूहाने ती कंपनी घेतली, कंपनी वाचली. शेअर मात्र बाजारातून काढून टाकले गेले आणि भागधारकांना शून्य रुपये मिळाले. कंपनी सावरतेय या बातमीवर शेवटच्या आठवड्यांतही लोक तो घेत होते. मला हे फार लागतं, कारण माझ्या वडिलांच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या अशाच गायब कंपन्यांची दहा रुपयेवाली प्रमाणपत्रं अजून आहेत.

तरीही कंपनी तपासायचीच असेल तर बीएसईच्या संकेतस्थळावर नाव टाका. विक्री किती, प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांचा, हिस्सा किती आणि त्यातला गहाण किती, शेअर 'टी' किंवा 'झेड' या निर्बंध असलेल्या गटांत आहे का, एवढं पाहायला पंधरा मिनिटं लागतात. टार्गेट देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. तो सहसा ग्रुपमधून तुम्हालाच काढून टाकतो.

ठेवीचं म्हणाल, तर ती वर्षभरासाठी पुन्हा बँकेत किंवा पोस्टाच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीत ठेवा. व्याज थोडं मिळेल, पण प्रवेशाच्या आठवड्यात पैसे हातात असतील. शेअर बाजार शिकायची हौस असेल तर पगारातून महिन्याला हजाराची इंडेक्स फंडातली (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडातली) एसआयपी सुरू करा, ठेवीला हात न लावता.

दिरांना माझा एक निरोप द्या. त्यांच्याकडे १० हजार शेअर आहेत असं तुम्ही लिहिलंय. अप्पर सर्किटला घेणारे उभे असतात तोवर विकता येतं, म्हणून उद्याच ५,६०० शेअर विकून टाका म्हणावं. १९ हजारांची मुद्दल खात्यात परत येईल, उरलेल्या ४,४०० शेअरवर त्यांना हवी तेवढी वाट पाहू दे.