गाळा तयार आहे, पण लेकीला लॅब हवी आहे

प्रश्न : माझी मुलगी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या दवाखान्यासाठी आम्ही स्टँडजवळ गाळा घेऊन ठेवलाय. दिवाळीत आली ती एकच धोशा घेऊन : क्लिनिक नको, रिसर्च करायचा. अक्कलदाढ काढलेल्या एका पेशंटचा ओठ बधिर राहिलेला तिने पाहिला, तेव्हापासून नसा परत कशा जुळतात हेच डोक्यात. मधेच हिरड्यांच्या जंतूंचं सांगते, त्यांच्यामुळे म्हणे विसरण्याचा आजार होतो. तिचे वडील म्हणतात, दातांची डॉक्टर होऊन उंदीर कापत बसणार का? काय करावं? (एक आई, जि. सांगली)

ताई, नमस्कार.

तिच्या वडिलांची चिडचिड मला कळते. गाळा म्हणजे तुमची वर्षानुवर्षांची बचत. पण लेकीने जे पाहिलं तेही साधं नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस अक्कलदाढेच्या मुळांजवळून जाते आणि हनुवटीपाशी बाहेर येऊन ओठाला स्पर्श कळवते. दाढ काढताना ती दुखावली, तर ओठ हलतो, आरशात नीट दिसतो, पण चहा हनुवटीवर ओघळला तरी माणसाला पत्ता नसतो. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, काहींचं कायमचं राहतं. (माझ्या दोन अक्कलदाढा काढल्या तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणतात, कारण तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि कधी कधी वाटही चुकतो.

ती वाट त्याला कशी दाखवायची, हा लॅबमधला प्रश्न. तो जुना आहे. 1850 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून तुटलेल्या टोकापुढचा भाग कसा झिजत जातो ते दाखवलं. 2000 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गाभ्यात मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) सापडल्या. म्हणजे कॉलेजात जी दाढ ट्रेमधून थेट कचऱ्यात जाते, तिच्यातल्याच पेशी नस सांधायला कामी येतील का, हे आता प्राण्यांवर तपासतात. तेव्हा उंदीर आहेतच, वडिलांचं खरं आहे. पण एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय एकालाही हात लावता येत नाही.

आता जंतू. हिरड्यांच्या आजारातल्या ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’चं नाव तिच्याकडून ऐकलं असेलच. त्याला ऑक्सिजन चालत नाही. रक्त घातलेल्या आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर, हवाबंद पेटीत तो वाढवायचा, आणि त्याच्या वसाहती काळ्या पडायला आठवडाभर तरी वाट बघायची. पेटीत जराशी हवा शिरली की आठवडा गेला. दुसऱ्या कुठल्या जंतूने प्लेट व्यापली, पुन्हा पहिल्यापासून. आणि वास! तो घरी केसांत घेऊन जायची तयारी हवी. क्लिनिकमध्ये दात भरला की पेशंट अर्ध्या तासात हसत बाहेर पडतो, लॅबमध्ये तीन महिने काहीच हाती लागत नाही. तुमच्या लेकीला हे सोसेल का, एवढंच ठरायचं आहे. हुशारीची मला शंका नाही.

विसरण्याच्या आजाराचं मात्र तिला पुरतं वाचायला सांगा. 2019 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत या जंतूच्या खुणा सापडल्याचा शोधनिबंध आला आणि जगभर गाजला. त्या आधारावर बनवलेलं औषध सहाशेहून जास्त रुग्णांना देऊन पाहिलं, आणि 2021 मध्ये निकाल लागला : ठरवलेली उद्दिष्टं गाठली नाहीत. व्हॉट्सॲपवर पहिली बातमी अजून फिरते, दुसरी कुणी पाठवत नाही.

तर करायचं काय? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ‘एसटीएस’ नावाची योजना एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. कॉलेजातला गाइड धरायचा, छोटा प्रस्ताव लिहायचा, मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा, स्टायपेंडही मिळतो. इंटर्नशिप लागायच्या आत तिने हे करावंच. नामंजूर झाला तर त्याच गाइडकडे सुट्टीत फुकट राबावं. दोन महिन्यांनी ती स्वतःहून पुन्हा लॅबमध्ये गेली, तर तुम्ही वाद घालू नका.

पुढे आपल्याकडे पीएचडीला बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात. मी तिला एमडीएसला ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या आजारांचं शास्त्र, सुचवेन. तोंडातल्या जंतूंचा अभ्यास त्यातच येतो. नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेनंतर या शाखेवर फारशी झुंबड नसते, मुलं ऑर्थो (दात सरळ करणं) आणि एंडोकडे (रूट कॅनाल) पळतात, त्यामुळे कमी गुणांतही चांगलं कॉलेज मिळू शकतं. शिवाय बीडीएसची नोंदणी चालू ठेवता येते, म्हणजे पुढे दात बघायची वाट बंद होत नाही.

विषय इथलाच हवा असेल, तर गुटखा-सुपारीने तोंड आखडणं आहेच. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यावर लिहिलं होतं, आणि आजही तोंडात दोन बोटं जात नाहीत अशी तरुण पोरं ओपीडीत दिसतात. खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ आहे, तिथे तोंडाच्या कर्करोगावर काम चालतं. सांगलीहून रात्रीच्या एसटीने जाऊन एकदा बघून यावं.

पैशाचं गुळमुळीत बोलत नाही. जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 आणि घरभाडं, तेही वयाच्या तिशीच्या आसपास. चाललेल्या क्लिनिकशी त्याची तुलना नको. पीएचडीनंतर डेंटल कॉलेजातली नोकरी, एखादी संशोधन संस्था, टूथपेस्ट किंवा तपासणी-किट बनवणाऱ्या कंपन्या, नाहीतर परदेश. जागा मोजक्या आहेत. कर्ज काढून खासगी कॉलेजात या शाखेचं एमडीएस करायचं असेल, तर माझा सल्ला सरळ ‘नको’.

आणि गाळा विकू नका. डेंटल चेअरचं कोटेशन आलं असेल तर तेवढं थांबवा, आणि गाळा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या.