कास्तेल्नोचा किल्ला : गाडीचे आधी लेखी ठरवून घ्या

आई-वडील आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन फ्रान्समधल्या बोर्दोहून रेल्वेने सार्ला या गावी जायचे, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि कास्तेल्नोचा किल्ला पाहून रात्री परतायचे, हा तुमचा बेत वाचला आणि आमचा तसाच एक दिवस आठवला. व्हिसा आणि तिकिटांची तयारी तुम्ही केलीच असेल, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

आमचे घोडे अडले ते गाडी देणाऱ्या कार्यालयात. आरक्षण होते, आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना होता, आणि अनामत रकमेसाठी डेबिट कार्ड चालेल, असे त्यांनीच फोनवर सांगितले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणाच्या सुटीसाठी दार बंद होते. दोन वाजता ते उघडल्यावर तिथल्या बाईंनी माझ्या कार्डावरील ‘डेबिट’ या शब्दावर बोट ठेवले आणि क्रेडिट कार्डच लागेल, तेही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे, असे सांगून विषय संपवला. क्रेडिट कार्ड पत्नीच्या नावावर होते आणि परवाना माझ्या. फोनवरच्या होकाराची नोंद कुठेच नव्हती. भरलेले भाडेही बुडाले. पैशांपेक्षा मला आजही सलते ते हे, की गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई भर उन्हात बॅगेवर बसून होती आणि तिला आत खुर्ची द्यावी, एवढेही त्यांना सुचले नाही.

प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे माझा अनुभव सरसकट लागू होईलच असे नाही. तरीही कार्डाचा प्रकार, त्यावरील नाव, कार्यालयाच्या वेळा आणि मुलीसाठीचे आसन या चारही गोष्टी ई-मेलने विचारा आणि आलेले उत्तर जवळ ठेवा. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालील मुलांना गाडीत योग्य बालआसन सक्तीचे आहे. माझे स्पष्ट मत विचाराल, तर वडीलधारी मंडळी सोबत असताना जाण्यायेण्याची टॅक्सीच आधी ठरवावी. सार्लाहून अंतर फार नाही.

किल्ला मात्र एवढ्या यातायातीचे चीज करतो. इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धात, म्हणजे 1337 ते 1453 या काळात, कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांच्या बाजूचा आणि दोर्दोन्य नदीपलीकडचा बेनाकचा किल्ला फ्रेंचांचा होता. तटावरून समोर बेनाक दिसतो, तेव्हा मुलांनाही ते वैर लगेच कळते. आत मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे आणि पूर्ण आकाराची दगडफेकी यंत्रे उभी केलेली आहेत. लांब तुळईच्या एका टोकाला वजनाने भरलेली प्रचंड पेटी आणि दुसऱ्या टोकाला गोफण अशी त्यांची रचना असते. पेटी खाली कोसळली की तुळई उसळते आणि धोंडा सुटतो. आमचा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता.

वाहनतळापासून चढ आहे आणि आत दगडी पायऱ्या आहेत. आजी-आजोबांना घाई करू नका. त्याच दिवशी बेनाकही उरकण्याच्या फंदात पडू नये, असे मला वाटते. त्या भागात बदकाच्या मांसाचे पदार्थ जास्त आणि दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी सोबत असू द्या. परतीच्या शेवटच्या रेल्वेची वेळ त्या दिवसाच्याच वेळापत्रकात पाहा, कारण रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती वेगळी असू शकते.