व्हेट गेटच्या आधी उतर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. पहिलीच ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची स्पर्धा, पहिल्या टप्प्यात तू तिसरी आलीस आणि घोडीची नाडी वेळेत खाली आली नाही म्हणून बाद झालीस. ‘ती दमलीच नव्हती, मग बाद का?’ असं विचारतेस. तुझ्यामागून सावकाश आलेल्या बाईंचा घोडा पास झाला, हेही तुला सलतंय.

सलू दे. पण शेवटचा किलोमीटर कशी आलीस ते तूच लिहिलंयस. मांडव दिसला, लोक ओरडायला लागले आणि तू टाच मारलीस. अगं, मधल्या व्हेट गेटवर, जिथे पशुवैद्य घोडा तपासतात, घड्याळ रेषेपाशी थांबत नाही. घोडा तपासणीला उभा केला की थांबतं. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी १५ मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. उभ्या, निवांत घोड्याचे ठोके तीस-चाळीसच असतात, दौडीत ते शंभराच्या पार जातात. त्या बाई शेवटचं अंतर घोड्याबरोबर पायी चालल्या असणार. म्हणूनच त्या तुझ्यामागून आल्या आणि तुझ्या आधी आत गेल्या. यात अन्याय कुठे झाला?

तेव्हा माझं एकच ऐक. उतर.

गेट किलोमीटरभरावर आलं की रिकिबीतून पाय काढ आणि खाली उतर. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, एक-दोन भोकं सैल कर, लगाम हातात घे आणि तिच्या खांद्याला खांदा लावून चाल. तिला मान खाली सोडू दे. थोड्या वेळाने ती नाकातून फुरफुरेल, मग श्वास लांब होईल. तो कानाने ऐक, तिच्या छातीवरच्या ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नंतर बघ. गेटवर मानेवर आणि पायांच्या आतल्या शिरांवर पाणी ओत, पुन्हा पुन्हा ओत. 

आणि ‘दमली नव्हती’ हे पुन्हा लिहू नकोस. खोगिरावर बसून ते कळत नाही. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर क्षार इतके जातात की अंग कोरडं पडत असतानाही त्याला तहान लागेलच असं नाही. कळपाबरोबर धावायची त्याची जातच आहे, पुढचा पळतोय तोवर हाही पळणार. थांबायचं तुला कळायला हवं. खाली उतरलीस की कळतं. हिरडी दाबून रंग किती पटकन परत येतो ते बघता येतं, कुशीला कान लावला की पोटातली गुडगुड ऐकू येते. डॉक्टर तरी वेगळं काय बघतात?

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप होतो. सिएरा नेवाडा डोंगररांगेतून १०० मैल, २४ तासांत. तिथले कसलेले स्वार खड्या चढावर खाली उतरतात आणि घोड्याची शेपटी धरून मागे चालतात. पहिल्या दहांत जो घोडा शेवटी सगळ्यात धडधाकट दिसतो, त्याला वेगळा हॅगिन कप देतात. मला विचारशील तर तोच खरा कप.

माझ्या पागेत ढाली फार नाहीत, हे तुझ्या कानावर आलं असेलच. एकदा मी आघाडीवर होतो. डॉक्टरांनी घोडा पास केला होता, पण दौडवून दाखवताना त्याचा उजवा मागचा पाय मला किंचित उशिरा टेकल्यासारखा वाटला. मी तपासणीचं कार्ड परत दिलं आणि शर्यत सोडली. घोड्याचे मालक माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. ती ढाल गेल्याची हळहळ आजही वाटते, पण उद्या तीच वेळ आली तर पुन्हा कार्ड देईन. तो घोडा पुढे कित्येक वर्षं माझ्याकडे धडपणे पळाला. मला हळूबाई म्हणणाऱ्यांनी तेवढ्या काळात किती घोडे बदलले, ते मी बघितलंय.

आता म्हणे बाबा मारवाडी घोडी विकून अरबी घोडा घेणार. अरबी जात या खेळात सरस आहे, वाद नाही. पण टाच तू मारलीस, घोडी कशाला विकता? नवशिक्यांच्या पात्रता फेऱ्यांत ताशी १६ किलोमीटरची मर्यादा असते. तिथे अरबी रक्ताचं काय काम? केरळच्या निदा अंजुम चेलाटने २०२३ मध्ये फ्रान्समधल्या कास्तेलसाग्राला, तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले. आपल्याकडे तिचं कौतुक झालं ते पूर्ण केल्याचंच.

बाबांना सांग, वर्षभर थांबा. घोडीला आठवडाभर फक्त हातात धरून फिरव. मग रविवारी पहाटे तिला घेऊन माळावर ये. चालायचे बूट घालून ये, ते तुझे चकचकीत उंच बूट नकोत. निम्मं अंतर पायी जायचंय.

तुझा,
काका