प्लेसमेंट ऑफिसची वेबसाइट: स्लायडर राहू दे, आधी जागांची पानं करा

सांगलीत विश्रामबागेत प्लेसमेंट ऑफिस उघडलंय, कुपवाड-मिरज एमआयडीसीला माणसं देताय आणि वेबसाइटचे डिझायनरनं स्लायडर (आपोआप सरकणारे फोटो), अ‍ॅनिमेशनसकट ६०,००० रुपये सांगितलेत. देऊ का, असं विचारलंत. इतक्यात देऊ नका. मी साताऱ्यात प्लेसमेंटवाल्यांच्याच वेबसाइट करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

तुमची साइट बघणार जतचा नाहीतर तासगावचा आयटीआय झालेला पोरगा, तोही फोनवर. त्याला हातात पगार किती, शिफ्ट कुठली, पीएफ आहे का, कंपनीची बस कुठून सुटते, एवढं पहिल्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. मराठीत. खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. बायोडाटा अपलोड करायला लावू नका, निम्मी पोरं तिथंच थांबतात.

नवीन असताना एका एजन्सीला मी साइटवर नोकरीच्या जागा टाकायची सोय करून दिली, काढायची नाही. माणमधला एक पोरगा सीएनसी ऑपरेटरची जागा बघून पहाटेच्या एसटीनं साताऱ्यात आला. प्लास्टिकच्या फाइलीत मार्कशीट, सर्टिफिकेट, झेरॉक्सचे तीन सेट. जागा तीन आठवड्यांपूर्वीच भरलेली. त्यानं फोन पुढं केला. पानावर ‘त्वरित पाहिजे’ अजून लाल अक्षरात होतं. ऑफिसनं एसटीचं भाडं दिलं, पण त्याचा तो दिवस माझ्यामुळं वाया गेला, हे मी विसरलेलो नाही. आता शेवटची तारीख घातल्याशिवाय माझ्या साइटवर जागा चढतच नाही, आणि तारीख उलटली की पान आपोआप उतरतं.

गुगलचंही हेच म्हणणं आहे. प्रत्येक जागेचं स्वतंत्र पान करून त्यात ‘जॉबपोस्टिंग’ मार्कअप (हे नोकरीचं पान आहे, असं गुगलला सांगणारा पानामागचा कोड) घातलं, तर ती जागा गुगलच्या नोकरी शोधात येऊ शकते. सगळ्या जागांची यादी असलेल्या पानाला ते चालत नाही. भरलेली जागा तशीच ठेवणं किंवा उमेदवाराकडून पैसे मागणं त्यांच्या नियमात बसत नाही. पैसे घेत नसाल तर ‘उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही’ हे वरच ठळक लिहा. आपल्याकडं नोकरीच्या नावानं फसलेली घरं कमी नाहीत, आई-वडील आधी तेच विचारतात. माणसं परदेशात पाठवायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय तसली जाहिरात करूच नका.

गुगल मॅपवर पाटीवरचंच नाव टाका, त्याला ‘सांगली बेस्ट जॉब’ जोडू नका, प्रोफाइल बंद होऊ शकतं. फेसबुकची जाहिरात कुपवाडच्या आसपासच्या गावांपुरती आणि एका वेळी एकाच जागेची. कंपन्यांसाठी एक पान पुरे: कुठल्या ट्रेडची माणसं देता, किती दिवसांत, आणि माणूस सोडून गेला तर बदली कशी. एचआरवाले त्यापुढं वाचत नाहीत, फोनच करतात.

डिझायनरला एवढंच विचारा: जागा भरली की मी कंपनीच्या गेटवर उभा राहून फोनवरून ती काढू शकेन का? हो म्हणाला आणि करून दाखवलं, तर दराचं बोला.